प्रबोधिनीच्या अलीकडचा मुक्काम

दहावीच्या निकालाचा सुमार झाला कीं बारामतीचें एस.टी. स्थानक, भिगवणचा चौक, इंदापूरचा सोलापूर रस्ता अशा सर्व मोक्याच्या जागीं नवे फलक चढतात. फलकावर गणवेष ल्यालेला एक तरुण. त्याच्या पाठीशीं विमान, रणगाडा व जहाज हीं तिन्ही एकाच वेळीं. खालीं दूरध्वनीचे आंकडे. 'ॲकॅडमी' हा शब्द आतां आमच्याकडील आजीबाईंच्याही तोंडीं बसला आहे. पोलीस भरती, सैनिक भरती आणि सैन्यांत अधिकारी होणें या तीन वेगळ्या गोष्टी त्या फलकांवर एकाच रंगांत व एकाच आकाराच्या अक्षरांत लिहिलेल्या असतात, आणि पालकांच्या मनांतही त्या तशाच एकत्र नांदतात. पहाटे नीरा डाव्या कालव्याच्या कांठानें धांवणाऱ्या मुलांस विचारावें, तर त्यांतील बहुतेक भरतीसाठीं धांवत असतात. तेथें सोळाशें मीटर किती मिनिटांत कापले यास मोल आहे. अधिकारी होऊं इच्छिणाऱ्यास मात्र पहिल्या पायरीवर कोणी धांवावयास सांगत नाहीं. त्यास अडीच तास बसवून गणितें सोडवावयास सांगतात. दोन्ही मार्ग मानाचेच; पण ते दोन मार्ग आहेत, हें पालकांनीं पैसे भरण्यापूर्वीं जाणलें पाहिजे, म्हणून आरंभींच लिहिलें.

आम्हांस हें सारें जाणून घेण्याचा प्रसंग आमच्या पुतण्यामुळें आला. आमचे थोरले बंधू, ज्यांस सारें घर दादा म्हणतें, ते भवानीनगरच्या बाजूस ऊंस लावतात. त्यांचा मुलगा शिक्षणासाठीं आमच्याकडे बारामतीस राहिला व याच शाळेंत दहावीपर्यंत शिकला. नववींत असतांना सहलीबरोबर त्यानें खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी पाहिली, आणि परतल्यावर आठवडाभर घरांत दुसरा विषय निघाला नाहीं. तेथील मुख्य इमारतीस 'सुदान ब्लॉक' असें नांव कां, हें त्यानेंच आम्हांस सांगितलें. दुसऱ्या महायुद्धांत पूर्व आफ्रिकेच्या रणांत भारतीय सैनिकांनीं सुदानच्या रक्षणासाठीं जें रक्त सांडलें, त्याच्या स्मरणार्थ त्या देशानें एक लक्ष पौंडांची देणगी दिली होती. फाळणीनंतर आपल्या वांट्यास आलेले सत्तर हजार पौंड त्या वास्तूस लागले. प्रबोधिनीची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें बसली व जानेवारी १९५५ मध्यें तिचें उद्घाटन झालें. आम्ही जन्मभर पुणें जिल्ह्यांत राहून हें जाणत नव्हतों. ज्या इंदापुराजवळ शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे रणांत पडले, त्या तालुक्यांतील मुलास तलवारीचें वेड लागावें यांत नवल नाहीं. परंतु वेड लागणें आणि वाट सांपडणें यांत बरेंच अंतर असतें.

दहावीची परीक्षा संपतांच दादा एका वर्गाचें माहितीपत्रक घेऊन आले. अकरावी, बारावी आणि प्रबोधिनीची तयारी अशी दोन वर्षांची निवासी व्यवस्था; शुल्क, भोजन, गणवेष सर्व मिळून साडेपांच लाख रुपये. कारखान्याचें बिल व सोसायटीचें कर्ज यांतून दोन हप्ते निघत होते. उरलेल्यासाठीं रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा विकण्याची भाषा निघाली. मुलगा खालीं मान घालून बसला होता. त्यास जावयाचें होतें, परंतु जमीन विकावी असें त्याच्यानें म्हणवत नव्हतें. वहिनी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग चहाचे पेले उचलतां उचलतां म्हणाल्या, "भावोजी, हा निवडला गेला नाहीं, तर हीं दोन वर्षें कोणत्या खात्यांत जमा करावयाचीं?"

या प्रश्नास त्या माहितीपत्रकांत उत्तर नव्हतें. ते शोधण्याची जबाबदारी घरानें आमच्यावर टाकली, कारण आम्ही मास्तर. आणि मास्तरांस सर्व माहीत असतें असा खेड्यांत अजून समज आहे.

प्रथम प्रबोधिनी मागते काय, तें पाहिलें. परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षांतून दोनदां घेतो. वय सुमारें साडेसोळा ते साडेएकोणीस. गणिताची प्रश्नपत्रिका तीनशें गुणांची व सामान्य क्षमतेची सहाशें गुणांची. प्रत्येकीस अडीच तास. सहाशेंपैकीं दोनशें गुण इंग्रजीचे. उरलेल्या चारशेंत भौतिक, रसायन, इतिहास, भूगोल आणि चालू घडामोडी. उत्तर चुकलें तर त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापला जातो. तेव्हां ठोकून द्यावें, लागला तर लागला, हा आपल्या मुलांचा आवडता उपाय तेथें अंगाशीं येतो. लेखी परीक्षेंत जे उतरतात त्यांस निवड मंडळापुढें पांच दिवस जावें लागतें, आणि त्या पांच दिवसांस पुन्हां नऊशें गुण, म्हणजे लेखीइतकेच. त्यानंतर वैद्यकीय तपासणी. जागा खडकवासला व नौदल प्रबोधिनी मिळून प्रत्येक खेपेस चारशेंच्या आसपास, आणि अर्ज देशभरांतून लाखांनीं. एकदां आंत गेल्यावर मात्र शिक्षण, निवास, भोजन यांचा भार सरकार उचलतें. म्हणजे गरिबास अडविणारा दरवाजा प्रबोधिनीचा नाहीं. तो प्रबोधिनीच्या अलीकडचा आहे.

या अलीकडच्या दरवाजाचा इतिहासही आम्हांस उद्बोधक वाटला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी तरुणांसाठीं इंग्लंडांतील सँडहर्स्ट येथें दरसाल दहा जागा ठेवण्यांत आल्या. तेथें गेलेल्या मुलांपैकीं कित्येकांचा त्या परक्या वातावरणांत निभाव लागेना. म्हणून १३ मार्च १९२२ रोजीं डेहराडून येथें एक पूर्वतयारीची शाळा उघडली. तेंच आजचें राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज. तेथें आजही आठवीच्या वर्गांत प्रवेश मिळतो, आणि महाराष्ट्रांतील मुलांसाठीं त्याची परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. नाशिकची भोंसला सैनिकी शाळा १९३७ ची. साताऱ्याची सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजीं सुरू झाली. देशांतील ती पहिली सैनिक शाळा. फलटणवरून गेलें तर सातारा आपल्यापासून अर्ध्या दिवसाच्याही वाटेवर नाहीं. परंतु तेथें प्रवेश सहावीला किंवा नववीला. दहावी झालेल्या आमच्या पुतण्यास त्या शाळेचा उपयोग नव्हता. ज्यांचीं मुलें यंदा पांचवींत आहेत, त्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें. आपल्याकडे इच्छा सोळाव्या वर्षीं जागी होते आणि कांहीं दारें बाराव्या वर्षींच मिटलेलीं असतात.

मग उरलें काय? उरली आमच्या राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था. ही १९७७ सालीं औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, स्थापन झाली. सैन्यांत मराठी जवान पुष्कळ, मराठी अधिकारी त्या मानानें थोडे, ही उणीव भरून काढण्यासाठीं सरकारनें ती काढली. दहावी झालेले निवडक विद्यार्थी लेखी परीक्षा व मुलाखत घेऊन तेथें घेतात. अकरावी-बारावीचें विज्ञान शिक्षण आणि प्रबोधिनीची तयारी हीं दोन्ही दोन वर्षांत बरोबर चालतात. खर्च खासगी वर्गांच्या मानानें फारच थोडा. आश्चर्य हें कीं, फलकांवरील चार-चार ॲकॅडम्यांचीं नांवें तोंडपाठ असलेल्या आमच्या दादांनीं या संस्थेचें नांव ऐकलें नव्हतें. आणि दादाच कशाला, आमच्या शेजारच्या दोन शिक्षकांनींही ऐकलें नव्हतें. ज्या संस्थेस विद्यार्थी शोधीत गांवोगांव हिंडावें लागत नाहीं, तिचा फलक चौकांत लागत नाहीं, हेंच त्याचें कारण असावें. मुलानें त्या परीक्षेचा अर्ज वेळेवर भरला होता, तो शाळेंतील सूचनाफलक वाचून. आम्हांस त्यानें तें परीक्षेच्या आठवड्यांत सांगितलें.

अमेरिकेंत या बाबतींत निराळी रीत आहे. तेथील भूसेना, नौसेना आणि वायुसेना यांच्या प्रबोधिनींनीं स्वतःच्याच पूर्वतयारीच्या शाळा चालविल्या आहेत; नौदलाची न्यूपोर्ट येथें आहे. जो तरुण होतकरू आहे पण गणितांत किंवा इंग्रजींत थोडा कमी पडतो, त्यास शालेय शिक्षण संपल्यावर एक वर्ष तेथें ठेवून घेतात व त्याबद्दल त्याच्याकडून शुल्क घेत नाहींत. म्हणजे मुलगा कोठें कमी पडतो हें आधीं पाहिलें जातें व मग तेवढेंच भरून काढलें जातें. आमच्याकडे वैद्यानें नाडी न पाहतांच सर्वांस एक काढा द्यावा तसा प्रकार आहे. इंग्रजींत पक्का व गणितांत कच्चा असा मुलगा, आणि गणितांत पक्का पण इंग्रजीचें वर्तमानपत्र पाहतांच घाम फुटणारा मुलगा, दोघेही एकाच बाकावर तीच टिपणें उतरून घेत बसतात.

हें आम्ही ऐकीव लिहीत नाहीं. माहितीपत्रकाचा तो वर्ग दादांना बरोबर घेऊन आम्हीं समक्ष पाहिला. त्याचें नांव येथें लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. इमारत नीटनेटकी होती. पटांगणांत दोरखंड, भिंत, खंदक असे अडथळे उभे केलेले होते. मुलें आदबशीर होतीं, उभीं राहून नमस्कार करीत. आम्हीं गणिताच्या शिक्षकांची भेट मागितली. ते आठवड्यांतून दोनदां पुण्याहून येतात असें कळलें. बारावीच्या प्रयोगशाळेविषयीं विचारलें, तेव्हां व्यवस्थापकांनीं हंसून सांगितलें कीं, मुलांचीं नांवें एका दूरच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर असतात, उपस्थितीची चिंता करूं नये. एका मुलास बाजूस घेऊन त्याच्या महाविद्यालयाचें गांव विचारलें. त्याला तें आठवून सांगावें लागलें. दादा शेतकरी आहेत, पण बियाणें कोणत्या पोत्यांतलें आहे हें ते चिमटींत घेऊन ओळखतात. परत येतांना गाडींत ते इतकेंच म्हणाले, "पटांगण चांगलें होतें."

सर्वच खासगी वर्ग असे असतात असें आमचें म्हणणें नाहीं. जेथें शिकविणारे गृहस्थ तेथेंच राहतात, मुलगा बारावीचीं प्रात्यक्षिकें खरोखर करतो, रात्रीं सात तास झोंपतो आणि शुल्क भरणाऱ्यास कर्ज काढावें लागत नाहीं, असे वर्गही असतील, आहेतही. परंतु तें माहितीपत्रकावरून कळत नाहीं. मुलाचा तेथील एक साधा मंगळवार कसा जातो, हें विचारल्यावर कळतें. पहाटेची कवाईत सर्वच दाखवितात. दुपारीं दोन वाजतां कोण शिकवितो हें विचारावें. आणि निवडून आलेल्यांचीं छायाचित्रें भिंतीवर असतातच. त्याच वर्षीं एकूण किती मुलें भरलीं होतीं व जीं निवडलीं गेलीं नाहींत तीं आज कोठें आहेत, हेंही विचारावें. आम्हीं विचारलें. व्यवस्थापकांनीं चहा मागविला.

आतां डोळ्यांची गोष्ट. इंदापूर तालुक्यांतील आमच्या परिचयाच्या एका घरचा मुलगा अशाच एका वर्गांत दोन वर्षें राहिला. मुलगा हुशार, लेखी परीक्षेंत उतरला, निवड मंडळाचे पांचही दिवस टिकला. घरीं पेढे वांटले गेले. वैद्यकीय तपासणींत रंगीत ठिपक्यांच्या तक्त्यांतील आंकडे त्यास वाचतां येईनात. तांबड्या-हिरव्या रंगांतील भेद त्याच्या दृष्टीस जन्मापासूनच नीट कळत नव्हता, आणि हें त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतें. पिकलेली मिरची व कच्ची मिरची तो आकारावरून व जागेवरून ओळखीत आला होता. हा दोष औषधानें जात नाहीं. बारामतीच्या कोणाही नेत्रवैद्याकडे पांच मिनिटांत तो दोन वर्षें आधींच कळला असता. वर्गाच्या प्रवेशअर्जांत पित्याच्या उत्पन्नाची चौकशी होती, मुलाच्या डोळ्यांची नव्हती. तो मुलगा पुढें कृषि महाविद्यालयांत गेला व बरा शिकतो आहे. परंतु त्याचे वडील अजून त्या पेढ्यांची आठवण निघाली कीं उठून बाहेर जातात. आम्हीं पुतण्याला त्याच आठवड्यांत नेत्रवैद्याकडे नेलें, आणि गुडघे, तळपाय, कान, दांत हेंही डॉक्टरांकडून पाहून घेतलें. एकूण खर्च साडेपांच लाखांच्या मानानें सांगण्यासारखा नव्हता.

निवड मंडळाविषयीं मात्र आमची बरीच उत्सुकता होती. कारण वर्गवाले सर्वांत अधिक पैसे तिच्याच तयारीचे घेतात. योगायोगानें आमच्याच तालुक्यांतील एक तरुण अधिकारी सुट्टीवर आले होते. ते जिल्हा परिषदेच्या शाळेंतून शिकलेले. त्यांनीं सांगितलें तें आमच्या शब्दांत लिहितों. पहिल्या दिवशीं बुद्धिमापनाची चांचणी व एका अस्पष्ट चित्रावर गोष्ट लिहून त्यावर गटांत चर्चा. तेवढ्यावरच बरीच मुलें सायंकाळच्या गाडीनें परत पाठविलीं जातात. राहतात त्यांना पुढें चित्रांवरून गोष्टी. एकेक शब्द पंधरा सेकंद दाखवून त्यावर मनांत येईल तें वाक्य, असे साठ शब्द. अर्ध्या तासांत साठ प्रसंग, कीं अशा वेळीं तुम्ही काय कराल. मग मैदानांत फळ्या, दोर, पिंपें घेऊन गटानें अडथळे ओलांडणें. आणि एक दीर्घ मुलाखत. वर्गांत या गोष्टींचीं उत्तरें पाठ करून घेतात. प्रत्येक चित्रांतील नायक गांवच्या मुलांस जमवितो, बंधारा बांधतो, पूर थांबवितो आणि कलेक्टरांच्या हस्तें पारितोषिक घेतो. तपासणाराच्या हातीं एकाच दिवशीं असे दहा बंधारे आले, कीं त्यास काय वाटत असेल तें सांगावयास नको. अधिकारी म्हणाले, "सर, पंधरा सेकंदांत खोटें लिहितां येत नाहीं. आलेंच लिहितां, तरी तिसऱ्या दिवशीं मैदानांत तें उघडें पडतें."

मग तयारी व्यर्थच काय, असें आम्हीं विचारलें. ते नाहीं म्हणाले. मुलास चारचौघांत उभें राहून आपलें म्हणणें मांडण्याची संवय हवी, इंग्रजींत किंवा हिंदींत अडखळत कां होईना पण न लाजतां बोलतां यावें, रोज वर्तमानपत्र वाचावें, एखादा सांघिक खेळ खेळावा, आणि घरांतील एखादें काम पूर्णपणें त्याच्या अंगावर असावें. त्यांच्या स्वतःच्या मुलाखतींत अर्धा वेळ त्यांच्या घरच्या म्हशींवर गेला होता. बाराव्या वर्षापासून धारेचा हिशेब व डेअरीचें पुस्तक तेच सांभाळीत. हें ऐकून आमचा पुतण्या जरा विचारांत पडला. त्याच्या अंगावर कोणतेंच काम नव्हतें. तो शिकावयास ठेवलेला मुलगा होता, आणि शिकावयास ठेवलेल्या मुलाला आपण ताटावरूनही उठूं देत नाहीं.

अधिकाऱ्यांनीं जातां जातां एक गोष्ट काढली ती आम्हांस फार पटली. सेनादलांच्या प्रमुखपदीं पोंचलेलीं मराठी नांवें घ्या. जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर डेहराडूनच्या त्या जुन्या पूर्वतयारीच्या शाळेंत शिकलेले. २००९ ते २०११ पर्यंत वायुदलाचे प्रमुख असलेले एअर चीफ मार्शल प्रदीप नाईक साताऱ्याच्या सैनिक शाळेंतले. आणि २०१९ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत भूदलाचे प्रमुख असलेले जनरल मनोज नरवणे पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनी प्रशालेंतले. ती कांहीं सैनिकी शाळा नव्हे. तिघांच्या तीन वाटा.

हा सर्व खल चालू असतां आमची कन्या, जी तेव्हां आठवींत होती, दाराशीं उभी राहून ऐकत होती. तिनें विचारलें, "बाबा, मुलींचा दरवाजा कोणता?" पांच वर्षें आधीं हा प्रश्न निघता, तर आम्हांस गप्प बसावें लागलें असतें. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या आदेशानें मुलींना ही परीक्षा खुली झाली. २०२२ मध्यें पहिली तुकडी खडकवासल्यास दाखल झाली, आणि ३० मे २०२५ रोजीं त्यांतील सतरा मुली तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडल्या. सातारा व डेहराडून येथेंही मुलींना प्रवेश मिळूं लागला आहे, आणि मुलींसाठीं नाशिकास राज्य सरकारची पूर्वशिक्षण संस्था २०२३ पासून चालू आहे. कन्येनें हें सारें वहीत टिपून घेतलें. तिच्या आईनें आमच्याकडे पाहिलें. त्या पाहण्यांत काय होतें तें अजून आम्हांस उलगडलेलें नाहीं.

पुतण्या संभाजीनगरच्या संस्थेच्या लेखी परीक्षेंत उतरला, मुलाखतीस गेला आणि अंतिम यादींत त्याचें नांव आलें नाहीं. त्या रात्रीं तो जेवला नाहीं. दादांनीं पुन्हां त्या वर्गाचा विषय काढला. बापाचें मन, मुलाचें उतरलेलें तोंड पाहवत नव्हतें. या वेळीं नकार मुलानेंच दिला. तो म्हणाला, "काका, मला बारामतींतच विज्ञान शाखेंत घाला. वायुदल व नौदल यांना बारावीस भौतिक, रसायन, गणित लागतेंच. इंग्रजीसाठीं कोणी गुरु पाहा. धांवायला कालवा आहे." त्याप्रमाणें झालें. गणिताची शिकवणी आम्हीच घेतली. इंग्रजीसाठीं याच शाळेच्या एका निवृत्त बाईंकडे तो दोन वर्षें रोज सायंकाळीं जाई व त्यांना वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्यानें वाचून दाखवी. बाई त्यास मध्येंच थांबवून तेंच पुन्हां स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावीत. घरांत त्याच्याकडे किराणा, वीजबिल आणि आमच्या वृद्ध मातोश्रींचीं औषधें हीं कामें आलीं. औषधांचें वेळापत्रक त्यानें भिंतीवर लावलें, आणि आमच्या मातोश्री नातवाच्या शिस्तीस वैतागल्या. रस्त्याकडेची जमीन राहिली. दादांनीं साठविलेल्या पैशांतून विहिरीवरील जुनी मोटार बदलली, आणि उरलेले बँकेंत ठेवले.

बारावीच्या परीक्षेनंतरच्या एप्रिलांत तो आयोगाची लेखी परीक्षा उतरला. निवड मंडळाचें बोलावणें भोपाळचें आलें. दौंडहून रात्रीच्या गाडींत दादा त्यास बसवून आले. तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्याचा दूरध्वनि आला, कीं पहिल्याच दिवशीं परतीच्या यादींत त्याचा क्रमांक वाचला गेला. परत आला तो आमच्या अपेक्षेपेक्षां बऱ्या मनःस्थितींत होता. गटांत चर्चा सुरू होतांच सर्वजण एकदम बोलूं लागले आणि आपण शब्द शोधीत राहिलों, हें त्यानें स्वतःच सांगितलें. निवृत्त बाईंकडे जाऊन त्यानें तें सांगितलें, तेव्हां त्यांनीं आपल्याकडे येणारीं आणखी पांच मुलें जमवून आठवड्यांतून तीन दिवस वादविवाद सुरू केला आहे. त्यांत आमची कन्याही जाते.

वहिनींनीं बारावीच्या वर्षींच त्याच्याकडून अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरून घेतला होता. त्या गुणांवर तो बारामतींतच पहिल्या वर्षांत शिकत आहे. आयोगाची सप्टेंबरची परीक्षा त्यानें पुन्हां दिली असून, निकालाची वाट पाहत आहे. वयाच्या हिशेबानें त्यास अजून दोन खेपा आहेत.